खालून कापलेली मेल

म्हैसूरमधल्या ज्या कार्यालयात मी गेली काही वर्षं काम करतो, तिथे आलेल्या मेलमधला एक शब्दही कोणी पुसत नाही. उत्तर वर लिहायचं, आधीचं सगळं खाली तसंच राहू द्यायचं. त्याच्याखाली त्याच्या आधीचं, त्याच्याखाली त्याच्याही आधीचं. ‘ठीक आहे’ एवढंच सांगणाऱ्या मेलखाली तीस-चाळीस मेल लटकत असतात. दोन महिन्यांपूर्वी कोणी रजेवर होतं, त्याची आपोआप आलेली सूचना त्यात असते. प्रत्येकाचं नाव, पद आणि फोन नंबर असतो. शिवाय ‘कागद वाचवा, ही मेल छापू नका’ ही हिरव्या अक्षरांतली विनंतीही तितक्याच वेळा असते.

आम्ही घरगुती वैद्यकीय उपकरणांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते ती तयार करतो. रक्तदाब मोजायचं यंत्र, थर्मामीटर, नेब्युलायझर. पुस्तिका पाच भाषांत निघते आणि प्रत्येक भाषेला एक माणूस आहे. मराठीचं काम माझ्याकडे आहे. आमच्या आपसांतल्या मेल इंग्रजीत असतात. इथे त्या मराठीत देतो आहे.

या नोकरीत येण्यापूर्वी मी बारा वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. तिथे पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते असं : महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. बातमी पानात बसली नाही तर खालून कापायची. वाचायलाही थांबायचं नाही, कारण बातमीदारानं बातमी त्याच हिशोबानं लिहिलेली असते. शेवटचा परिच्छेद गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. मी रोज रात्री असे पंधरा-वीस शेवटचे परिच्छेद कापत होतो. एकदाही कोणाचा फोन आला नाही.

बायकोची बदली म्हैसूरला झाली. आम्ही गोकुलममध्ये घर घेतलं आणि मी वर्तमानपत्र सोडलं. ती सवय मात्र सुटली नाही. कोणाची मेल आली की तिच्यातलं जे वाक्य कामाचं असेल तेवढंच मी ठेवायचो, त्याच्याखाली माझं उत्तर लिहायचो आणि बाकीचं सगळं पुसायचो. कन्नडचं काम पाहणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले होते. माझी पहिली मेल पाहून ते माझ्या टेबलाशी आले.

“ही तुम्हीच पाठवलीत?”

“हो. का?”

“नाही, आमच्याकडे सगळ्या मेलना दाढ्या असतात. ही एकटीच गुळगुळीत करून आली, म्हणून विचारलं. घरी सगळं बरं आहे ना?”

त्यानंतर ते मला न्हावी म्हणू लागले. विभागप्रमुखांना मात्र माझी पद्धत आवडली. दिवसाला दोनशे मेल वाचाव्या लागणाऱ्या माणसाला ती आवडणं साहजिक होतं. एका बैठकीत ते सगळ्यांदेखत म्हणाले की फक्त यांची मेल मी शेवटपर्यंत वाचतो. पुढे ते महत्त्वाच्या गोष्टी माझ्याकडून यायची वाट पाहू लागले. पाचही भाषांचं काम कुठवर आलं हे कळवायची जबाबदारी माझ्याकडे आली. हे मला बरं वाटत होतं, याची नोंद इथे करणं आवश्यक आहे.

छापखान्याशी समन्वय ठेवायचं काम एक बाई करत. त्या म्हैसूरच्याच. त्यांचं घराणं मराठी, पण इथे येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. पूर्वी घरात कापड रंगवायचा आणि ठशांनी छापायचा धंदा होता. आता एक भाऊ बँकेत, एक चुलतभाऊ मोबाइल दुरुस्त करतो. “छापायचं म्हणजे आमच्या रक्तातच आहे, अण्णा,” असं त्या म्हणत. त्या माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या होत्या, पण इकडे अण्णा म्हणायला वय लागत नाही. मी त्यांना ताई म्हणत असे. त्यांच्या मराठीत दर वाक्याआड एखादा कन्नड शब्द यायचा आणि वाक्य अनेकदा कन्नडातच संपायचं. माझी मराठी त्यांना रेडिओवरच्यासारखी वाटायची.

बाई सहा वर्षं कंत्राटावर होत्या. कंत्राटी माणसांचा मेलबॉक्स लहान असतो, लवकर भरतो आणि भरला की नवीन मेल यायच्या बंद होतात. म्हणून त्या दर शनिवारी दुपारी आलेल्या आणि गेलेल्या सगळ्या मेल पुसून टाकत. मी एकदा विचारलं, यातलं काही पुढे लागलं तर?

“खाली असतंच की. कोणाच्या तरी मेलच्या खाली असतं. सुम्ने दोन-दोन ठिकाणी कशाला ठेवायचं?”

सुम्ने म्हणजे उगाच. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जिथे कोणीच काही पुसत नाही, तिथे एकानं पुसलं तर काही हरवत नाही.

त्यांची स्वतःची मेल लांब असायची. सुरुवातीला तब्येतीची चौकशी, मग कालच्या कामाबद्दल आभार, मग छापखान्यातली परिस्थिती, रस्त्याची, विजेची. मुद्दा अगदी शेवटी. मी त्यांना एकदा सांगून पाहिलं की मुद्दा आधी लिहावा. त्या हसल्या.

“आमच्यात असं नाही चालत, अण्णा. कोणाकडे गेलं की बसायचं, कॉफी घ्यायची, पोराबाळांचं विचारायचं. कामाचं बोलणं निघताना. दारात, चप्पल घालता घालता. आत शिरल्या शिरल्या कामाचं बोललं तर माणसं म्हणतील, हिला आमची गरज नाही, कामाचीच आहे.”

“मेलला दार कुठे असतं, ताई?”

“असतं. सही असते ना, त्याच्या वर.”

त्या वर्षी दसऱ्यानंतर एका कंत्राटी जागेवर कायम नेमणूक होणार होती. कंपनीचा नियम असा की पंचेचाळिशीनंतर कोणाला कायम करत नाहीत. बाईंना डिसेंबरात पंचेचाळीस पूर्ण होत होती. म्हणजे त्यांच्यासाठी हे शेवटचं वर्ष. विभागप्रमुख एक नाव वर पाठवणार आणि ते नाव त्यांचंच असणार, हे सगळे धरून चालले होते. त्यांनी स्वतः हा विषय माझ्याशी एकदाच काढला. कॅन्टीनमध्ये डबा बंद करताना त्या म्हणाल्या, “यंदा नाही झालं तर मग मी वर्षावर्षानं कागदावर सही करत म्हातारी होणार, अल्वा?” अल्वा म्हणजे नाही का.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात नेब्युलायझरची पुस्तिका छापायला जायची होती. छापखाना बन्नीमंटपच्या बाजूला आहे. त्या दिवसांत तिथल्या मैदानावर मशालींच्या संचलनाची तालीम चालते, रस्ते बंद होतात आणि टेम्पो आत येत नाही. त्यानंतर आयुधपूजेला यंत्रांना हार घातले की छापखाना चार दिवस उघडत नाही. तेव्हा गुरुवार हा शेवटचा दिवस होता.

मंगळवारी सकाळी बाईंची मेल आली. माझ्या एकट्याच्या नावे. कंत्राटी माणसांनी विभागप्रमुखांना थेट लिहू नये असा लेखी नियम नव्हता, पण कोणी लिहीत नसे. त्यांचं जे असेल ते आमच्यापैकी एकामार्फत जायचं. मेलमध्ये माझ्या सर्दीची चौकशी होती. पाचही भाषांची पानं वेळेत दिल्याबद्दल आभार होते. मग तालमीची, बंद रस्त्यांची माहिती. मग हे वाक्य : ‘गुरुवारी दुपारपर्यंत छापखाना काम घेऊ शकतो, त्यानंतर दसरा संपेपर्यंत नाही.’ त्याच्याखाली आणखी एक परिच्छेद होता.

मी ते वाक्य ठेवलं, बाकीचं पुसलं, खाली ‘पाचही भाषांचा मजकूर तयार आहे, परवानगी द्यावी’ असं लिहिलं आणि मेल विभागप्रमुखांना पाठवली. बाईंना प्रत ठेवली. शेवटचा परिच्छेद मी वाचला होता की नाही, हे मला आज सांगता येत नाही. वाचला असेल तर लक्षात राहिला नाही. वाचला नसेल तर त्याचं कारण वर दिलेलं आहे.

विभागप्रमुखांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘सगळं पाहिलं. पुढे जा.’ बाईंनी छापखान्याला कळवलं. गुरुवारी काम यंत्रावर चढलं. शनिवारी त्यांनी नेहमीप्रमाणे मेलबॉक्स रिकामा केला.

दसऱ्यानंतर यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून कळलं की चौथ्या पानावरचं चित्र जुनं आहे. नव्या यंत्रात हवा गाळणारा स्पंज बाजूला बसवलेला होता. मजकुरात पाचही भाषांत ‘बाजूला’ असंच होतं. चित्रातला बाण मात्र यंत्राच्या तळाकडे होता, जुन्या यंत्रासारखा. खोकी अजून भरली गेली नव्हती, त्यामुळे कोणा रुग्णापर्यंत ती पुस्तिका पोचली नाही. पण सगळ्या पुस्तिका रद्द झाल्या आणि पुन्हा छापाव्या लागल्या.

बुधवारी अकरा वाजता बैठक झाली. विभागप्रमुख, पाच भाषांचे पाच जण आणि बाई. विभागप्रमुखांनी त्या कामाच्या सगळ्या मेल छापून आणल्या होत्या. सात पानं होती. प्रत्येक पानावर कागद वाचवायची विनंती होती.

“नवीन चित्र छापखान्यात गेलेलं नाही, हे कोणाला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“मला, सर,” बाई म्हणाल्या. “मी लिहिलं होतं.”

“कुठे?”

“मेलमध्ये. खाली.”

विभागप्रमुखांनी पानं त्यांच्यापुढे सरकवली. बाईंनी शेवटचं पान पाहिलं, मग त्याच्या आधीचं, मग पुन्हा शेवटचं. त्यांच्या मंगळवारच्या मेलमधलं एकच वाक्य तिथे होतं.

“खाली नाहीये,” विभागप्रमुख म्हणाले.

“पाठवली होती, सर.”

“मग दाखवा. तुमच्याकडे असेलच.”

“शनिवारी काढून टाकली.”

कन्नडवाल्या गृहस्थांनी तांत्रिक विभागाकडून परत मिळेल का असं विचारलं. कंत्राटी मेलबॉक्सची प्रत ठेवत नाहीत, असं विभागप्रमुखांनी सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले. “मेल तुमच्याकडे आली होती. तुम्हाला काही आठवतं?”

मी म्हणालो, “तपासून सांगतो.”

वर्तमानपत्रात हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा वापरायचो. बातमी चुकली असा फोन आला की तपासून सांगतो म्हणायचं. त्यात खोटं काही नसतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. विभागप्रमुखांनी पानं गोळा केली. शुक्रवारी दुपारी नाव वर पाठवायचं आहे, या परिस्थितीत आपल्याला वेगळा विचार करावा लागेल, असं ते म्हणाले. कोणाचं नाव, हे त्यांनी सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती.

बैठक संपल्यावर टेबलाशी येऊन ती मेल शोधायला मला अर्धं मिनिट लागलं. माझा मेलबॉक्स मोठा आहे आणि मी काहीच पुसत नाही. पुसतो ते फक्त दुसऱ्यांना पाठवताना. शेवटचा परिच्छेद असा होता : ‘चौथ्या पानाचं नवीन चित्र अजून आलेलं नाही. छापखान्याकडे मागच्या वेळचंच आहे. ते येईपर्यंत छापायला सांगू नये, एवढं तुम्ही साहेबांच्या कानावर घाला. मी लिहिलं तर बरं दिसणार नाही.’ त्याच्याखाली सही.

तेव्हा बुधवारी दुपारचे साडेबारा वाजले होते. मी ती मेल पुढे पाठवली गुरुवारी दुपारी चार वाजता. मधल्या साडेसत्तावीस तासांत मी माझं रोजचं काम केलं. ग्लुकोमीटरच्या पुस्तिकेची नऊ पानं तपासली. आपली चूक अर्धीच आहे, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. चित्र मागवणं विभागप्रमुखांचं काम होतं. बाईंनी मुद्दा वर लिहायला हवा होता, तसं मी त्यांना पूर्वी सांगितलंही होतं. ही दोन्ही विधानं खरी होती. त्यांचा उपयोग झाला नाही.

गुरुवारी सकाळी मी मसुदा लिहायला घेतला. वर्तमानपत्रात चूक झाली की दुरुस्ती छापतात, आतल्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत. दुरुस्ती कशी लिहायची हे मला चांगलं माहीत होतं. पहिल्या मसुद्यात मी ‘पुढे पाठवताना काही मजकूर कमी झाला होता’ असं लिहिलं. दुसऱ्यात ‘अनवधानानं’ हा शब्द आला. तिसरा मसुदा दोन परिच्छेदांचा झाला आणि त्यात माझ्या बारा वर्षांच्या अनुभवाचा उल्लेख होता. चौथा पाठवला. त्यात तीनच वाक्यं होती. ‘छापायला देऊ नये असं त्यांनी मंगळवारी लिहिलं होतं. तो परिच्छेद मी कापला. मूळ मेल खाली आहे.’ बैठकीला जे होते त्या सगळ्यांना, बाईंनाही, ती गेली. खाली बाईंची संपूर्ण मेल होती, माझ्या सर्दीच्या चौकशीपासून सहीपर्यंत. त्या कार्यालयात मी काहीही न कापता पाठवलेली ती पहिली मेल होती.

विभागप्रमुखांचं उत्तर सगळ्यांना आलं. वर दोन शब्द होते : ‘नोंद घेतली.’ खाली सगळं तसंच.

कन्नडवाले गृहस्थ उठून माझ्याजवळ आले. ते काहीतरी थट्टा करतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “काल पाठवायला हवी होती.” आणि आपल्या जागेवर गेले.

संध्याकाळी जिन्यात बाई भेटल्या. मी म्हणालो, “ताई, माझं चुकलं.”

“वाचली मी.”

“तुम्ही काल बैठकीतच का नाही सांगितलं? की यांनी कापलं असेल म्हणून?”

“साहेबांनी ‘सगळं पाहिलं’ लिहिलं, मला वाटलं चित्राचंही बघितलं, म्हणून तेव्हा मी खाली बघितलंच नाही. काल कागद बघितला तेव्हाच कळलं मला. इथे कापतो कोण? तुम्ही एकटेच.” त्या एक पायरी खाली उतरून थांबल्या. “पण मी म्हणायचं आणि तुम्ही म्हणणार तपासून सांगतो. कंत्राटी बाई म्हणते, कायम माणसानं कापलं. तिच्याकडे कागद नाही. कोण ऐकणार, सांगा?”

“मग तुम्ही वाट पाहत होतात?”

“वाट नाही, बघत होते. वाट बघणं वेगळं, अण्णा.”

मी विचारलं, मी पाठवलीच नसती तर काय केलं असतं. त्यांनी पर्स खांद्यावर नीट केली.

“काय करायचं? मत्ते, पुन्हा पुढच्या वर्षी सही केली असती. तुमच्याशी बोलले असते, जसं बोलते तसं. ऊट झालं का, जेवलात का विचारलं असतं. फक्त काम नसतं सांगितलं.” मग त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून म्हणाल्या, “साहेबांनी मघाशी बोलावलं होतं. नाव माझंच जाणार आहे. परवागिल्ला, झालं ते झालं.”

मला सांगायची बातमी त्यांनी अशी दारात सांगितली.

नेमणुकीचं पत्र नोव्हेंबरच्या अखेरीस आलं. पंचेचाळीस पूर्ण व्हायला तेव्हा तीन आठवडे बाकी होते. त्यांनी चिरोटे आणले. कन्नडवाल्या गृहस्थांनी दोन घेतले. विभागप्रमुखांनी भाषण केलं नाही. माझ्या वार्षिक अहवालात ‘कामकाजाच्या मेल पूर्ण स्वरूपात पुढे पाठवाव्यात’ अशी एक ओळ आली. ती योग्य होती. पाचही भाषांचं काम कळवायची जबाबदारी माझ्याकडून बाईंकडे गेली. तेही योग्य होतं. माझ्या मेलना आता इतरांसारख्याच दाढ्या असतात आणि न्हावी हे नाव मागे पडलं आहे.

बाईंना मोठा मेलबॉक्स मिळाला. त्या अजूनही मुद्दा शेवटीच लिहितात, आणि मी त्यांची मेल आधी सहीजवळून वाचायला सुरुवात करतो, मग वर जातो. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलतात. फरक एकच झाला आहे. शनिवारी दुपारी त्या आता काही पुसत नाहीत. छापखान्याला असो की विभागप्रमुखांना, किंवा कॅन्टीनला दोन कॉफी वर पाठवा म्हणून केलेली असो, प्रत्येक मेलची एक प्रत त्या स्वतःच्याच नावे पाठवतात. मला आलेल्या त्यांच्या मेलवर, ज्यांना प्रत गेली त्या नावांत, त्यांचं स्वतःचं नाव रोज दिसतं.